डिजिटल कॅमेरा नवा आहे? चुकलेला फोटो वाचायला शिकवणारे प्रश्न आणि उत्तरं

खाली दिलेले आकडे १८-५५ मिमी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) आणि एपीएस-सी आकाराचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, असलेल्या कॅमेऱ्यासाठी आहेत. नवशिक्यांच्या हातात बहुधा हीच जोडी असते. डीएसएलआर (आत आरसा असलेला) असो की मिररलेस (बिनआरशाचा), तत्त्व तेच. आधी एक सवय मात्र लावून घ्या. फोटो बिघडला की लगेच डिलीट करू नका, त्याची माहिती उघडा. फोटो स्क्रीनवर असताना इन्फो किंवा डिस्प्ले बटण दाबलं (निकॉनमध्ये बहुधा वर-खाली बाण) की शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ (हे तिन्ही पुढे समजावले आहेत) आणि फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सचा मिमीतला आकडा, दिसते. काय चुकलं ते बहुतेक वेळा त्या चार आकड्यांत लिहिलेलं असतं.

माझे फोटो धूसर का येतात?

धूसर फोटो तीन-चार वेगवेगळ्या कारणांनी येतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. म्हणून फोटो पूर्ण मोठा करून कुठे काय पुसट झालंय ते आधी बघा.

सगळंच्या सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, दिव्यांच्या ठिपक्यांच्या छोट्या रेघा झाल्यात, तर कॅमेरा हलला. शटरचा आकडा बघा, १/१५ किंवा १/३० सेकंद असेल. हातात धरून फोटो काढताना फोकल लेन्थला दीडने गुणायचं आणि शटर निदान तितका वेगवान ठेवायचा: ५५ मिमीला १/८०, २०० मिमीला १/३२०. लेन्सवर कॅननचं आयएस किंवा निकॉनचं व्हीआर असेल तर दोन-तीन पायऱ्या खाली उतरता येतं (एक पायरी म्हणजे शटरचा वेळ दुप्पट).

भिंत, दार, खुर्ची स्वच्छ आहे आणि फक्त माणूस पुसट आहे, तर माणूस हलला. इथे आयएस-व्हीआरचा काही उपयोग नाही, कारण ते तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. शांत बसून बोलणाऱ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०, पळणाऱ्या पोराला १/५०० लागतो.

माणूस पुसट पण त्याच्या मागचा पडदा किंवा त्याचा कान एकदम टोकदार, तर फोकस चुकला. कॅमेऱ्याला सगळे फोकस पॉइंट (चौकटीतले फोकस धरायचे ठिपके) वापरायची मुभा दिली की तो बहुधा सगळ्यात जवळची वस्तू धरतो. एकच पॉइंट निवडा आणि तो कॅमेऱ्याच्या जवळ असलेल्या डोळ्यावर ठेवा. मिररलेसमध्ये डोळे ओळखणारा फोकस असेल तर तो चालू करा, तो उत्तम काम करतो.

चौथं कारण अगदी साधं आहे: लेन्सच्या पुढच्या काचेवर बोटाचा ठसा. प्रत्येक दिव्याभोवती दुधट वलय दिसलं की आधी काच पुसा.

कॅमेऱ्यातून बघतानाच सगळं धूसर दिसतं, फोटो मात्र ठीक येतो. असं का?

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी, तिच्याशेजारी एक छोटं चाक असतं, ते बॅगेत घासून फिरलं आहे. त्याला डायऑप्टर म्हणतात. आत दिसणारे आकडे स्पष्ट होईपर्यंत ते फिरवा.

फोकस लागतच नाही, बटणही दाबलं जात नाही.

क्रमाने तपासा. लेन्सवरचं एएफ-एमएफ (ऑटो की हाताने फोकस) बटण चुकून एमएफवर सरकलं आहे का? तुम्ही फारच जवळ आहात का? १८-५५ लेन्स साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही आणि हे अंतर लेन्सच्या टोकापासून नव्हे तर सेन्सरपासून मोजतात. समोर कोरी भिंत, धुकं किंवा अंधार आहे का? ऑटोफोकसला उजेड-अंधाराची कड लागते. दाराची चौकट, शर्टाची कॉलर अशी एखादी कड शोधून तिच्यावर पॉइंट ठेवा. आणि बटण एका दमात दाबू नका. अर्धं दाबायचं, फोकस लागल्याची खूण बघायची, मग पूर्ण दाबायचं.

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे नेमकं काय आहे?

तिघांचा संबंध उजेडाशी आहे, पण प्रत्येकाचा फोटोवर एक वेगळा परिणामही होतो. त्यामुळे यातलं काहीही फुकट मिळत नाही.

शटर म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा. १/१२५ वरून १/२५० केलं की उजेड निम्मा होतो आणि हालचाल जास्त नीट गोठते.

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधल्या पडद्याचं भोक. आकडे एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे चढतात आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. आकडा मोठा तर भोक लहान, हे सुरुवातीला सगळ्यांना उलटं वाटतं. कारण हा आकडा भागाकारातून येतो: ५० मिमी लेन्सचं भोक २५ मिमी दिसत असेल तर ५० भागिले २५, म्हणून एफ/२. भोक मोठं केलं की फोकसमधला पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, अरुंद होतो.

आयएसओ म्हणजे सेन्सरने पकडलेला संकेत किती वाढवायचा. १०० वरून २०० केलं की फोटो दुप्पट उजळ दिसतो, पण उजेड काही वाढलेला नसतो. म्हणून आकडा चढेल तसे दाणे, म्हणजे नॉइज, दिसू लागतात.

एक पायरी इकडे घेतली की एक पायरी तिकडे द्यायची. आयएसओ १०० वर एफ/५.६ आणि १/६०, एफ/४ आणि १/१२५, एफ/२.८ आणि १/२५० या तिन्ही जोड्यांचा उजेड सारखाच. फरक फक्त हालचाल आणि मागच्या धूसरपणात. अंदाज पक्का करायला एक जुना नियम आजही कामाला येतो: लख्ख उन्हात एफ/१६ ठेवलं की शटर आयएसओइतका. आयएसओ १०० ला १/१००, म्हणजेच एफ/८ ला १/४००. भर दुपारी तुमचा कॅमेरा याहून फार वेगळं काही सांगत असेल तर कुठलं तरी सेटिंग हललेलं आहे.

लेन्सवर ३.५-५.६ असं दोन आकड्यांत का लिहिलंय?

१८ मिमीला भोक जास्तीत जास्त एफ/३.५ उघडतं, झूम करून ५५ ला गेलात की एफ/५.६. म्हणजे झूम केल्यावर उजेड सव्वा पायरीहून जास्त घटतो. लग्नाच्या हॉलमध्ये लांबून झूम करून काढलेले फोटो हलतात ते याच्यामुळे. तिथे झूम मागे घेऊन चार पावलं पुढे जा. पुढची लेन्स घ्यायची असेल तर ५० मिमी एफ/१.८ घ्या, किट लेन्सला ५५ वर एफ/५.६ ला १/१५ मिळतो त्याच उजेडात ही एफ/२ ला १/१२५ देते.

कोणत्या मोडवर ठेवू? सगळे म्हणतात मॅन्युअलच शिका.

सगळ्यांचं ऐकू नका. शिकायला आणि रोजच्या कामाला अ‍ॅपर्चर प्रायोरिटी सर्वांत बरा: कॅननवर एव्ही, निकॉन-सोनीवर ए. भोक तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो, आणि शटर किती आला याच्यावर तुमचं लक्ष ठेवायचं. खेळ, पक्षी, मिरवणूक असेल तर शटर प्रायोरिटी: कॅननवर टीव्ही, निकॉन-सोनीवर एस. मॅन्युअल लागतो तो उजेड एकसारखा असताना किंवा कॅमेरा हमखास फसणार असेल तेव्हा: फटाके, चंद्र, स्टेजवरचा स्पॉटलाइट. ढग-ऊन लपाछपी खेळत असताना मॅन्युअलवर चिकाटीने चाकं फिरवत बसणारा प्रसंग गमावतो.

संक्रांतीला काळ्या कपड्यांतल्या बाळाचा फोटो काढला. काळा रंग राखाडी आला आणि हलव्याचे दागिने नुसते पांढरे ठिपके झाले. कॅमेरा खराब आहे का?

नाही, तो फसला. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते कळत नाही. परत आलेला उजेड मोजून तो सरासरी मध्यम करड्या छटेवर आणतो. ही छटा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारी. चौकटीत काळी चंद्रकळा किंवा काळं झबलं जास्त असलं की त्याला वाटतं अंधार आहे. मग तो फोटो उजळ करतो: काळा करडा होतो आणि हलव्याचा काटा भाजून निघतो.

उपाय एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. अधिक-उणे खूण असलेलं बटण दाबून चाक फिरवा. बोरनहाणाच्या काळ्या झबल्याला उणे २/३ ते उणे १ द्या, हलव्याच्या दाण्यांवरचा काटा दिसू लागतो.

पांढऱ्याचं उलट. वारीत पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या यांनी चौकट भरली की कॅमेरा सगळं मळकट करतो. तिथे अधिक २/३. आंबोली-माळशेजच्या धुक्यात अधिक २/३ ते अधिक १. खिडकीला पाठ करून बसलेल्या आजीचा चेहरा काळा येत असेल तर अधिक १ ते अधिक १.५. खिडकी भाजली तर भाजू द्या, फोटो आजीचा आहे. सूर्यास्ताचे रंग फिके येत असतील तर उणे १.

काम झालं की कॉम्पेन्सेशन शून्यावर आणायला विसरू नका. बहुतेक कॅमेरे ते बंद केल्यावरही लक्षात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीचा प्रत्येक फोटो काळपट येतो.

स्क्रीनवर फोटो छान दिसतो, संगणकावर काळा. कशावर विश्वास ठेवायचा?

हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत काळं-पांढरं किती आहे ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखावर. रात्री अंधारात स्क्रीन नेहमीच उजळ वाटते, उन्हात काळी. हिस्टोग्राममध्ये डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं. आलेख उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर तिथला तपशील गेला, तो नंतर परत येत नाही. डोंगरासारखा मधोमध आलेख हवाच असं मात्र नाही. काळ्या साडीच्या फोटोचा आलेख डावीकडे झुकलेलाच बरोबर.

मागचं सगळं धूसर कसं करायचं?

चार गोष्टी आहेत: अ‍ॅपर्चरचा आकडा लहान, फोकल लेन्थ जास्त, तुम्ही माणसाच्या जवळ आणि माणूस भिंतीपासून लांब. चौथी गोष्ट लोक विसरतात. माणसाला भिंतीला टेकवून उभं केलं तर एफ/१.८ लेन्सही काही करू शकत नाही. त्याला तीन-चार मीटर पुढे आणा, किट लेन्स ५५ वर न्या, एफ/५.६ ठेवा आणि फक्त छाती-डोकं येईल इतकं जवळ जा. बऱ्यापैकी धूसर होतं.

एफ/१.८ वर मात्र सांभाळून. ५० मिमी लेन्सने दीड मीटरवरून काढलेल्या चेहऱ्याला फोकसचा पट्टा जेमतेम ६-७ सेंटिमीटर मिळतो. माणूस किंचित डुलला तरी डोळ्याऐवजी कान फोकसमध्ये जातो. एफ/२.८ वर बरेच फोटो वाचतात.

ग्रुप फोटोत मागची रांग धूसर येते.

भोक फार उघडं आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. ३५ मिमी, ४ मीटर अंतर, एफ/५.६ घेतलं तर साधारण ३ मीटरपासून ६ मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं, म्हणजे तीन रांगा आरामात. फोकस पुढच्या रांगेतल्या मधल्या माणसावर. शटर १/१२५ च्या खाली नको, कारण पंधरा माणसांत एक तरी हलतोच. डोळे मिटणाऱ्यांसाठी सलग पाच-सहा फोटो काढा. १८ मिमीवर कडेची माणसं रुंद दिसतात. मामी-काकूंना कडेला उभं करणार असाल तर झूम ३५ वर नेऊन मागे सरका.

आयएसओ किती चढवला तर चालतो?

हल्लीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात १६०० बिनधास्त, ३२०० चालतो, ६४०० अडचणीत. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सरळ करता येत नाही; दोन्हींत निवडायचं असेल तर दाणे निवडा. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, तिथे एफ/१.८, १/४० आणि आयएसओ ३२०० असंच काम करावं लागतं. ऑटो आयएसओ लावायला हरकत नाही, फक्त त्याची कमाल मर्यादा ठरवा, आणि कॅमेऱ्यात किमान शटर ठरवायची सोय असेल तर तो १/१२५ ठेवा. अंधारात काढलेला काळा फोटो नंतर ओढून उजळ केला तर दाणे जास्त दिसतात. तिथल्या तिथे आयएसओ वाढवणं बरं.

मांडवात सगळ्यांचे चेहरे गुलाबी-पिवळे येतात. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती करणारं सेटिंग) बदलूनही जात नाही.

कारण उजेडच रंगीत आहे. ऊन मांडवाच्या गुलाबी कापडातून गाळून येतं, हळदीला मागचा पिवळा पडदा गालावर रंग फेकतो, वरून एलईडी फोकस निळसर. एका चेहऱ्यावर तीन रंगांचा उजेड असला की एक व्हाइट बॅलन्स तिन्ही दुरुस्त करू शकत नाही. नवरीला मांडवाच्या कडेला, मोकळ्या सावलीत दोन पावलं बाहेर आणा.

उजेड एकाच प्रकारचा असेल तेव्हा मात्र व्हाइट बॅलन्स चोख काम करतो. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा बल्ब साधारण २८००, दुपारचं ऊन ५५००, ढगाळ ६५००, सावली ७५०० च्या आसपास. नेमकं हवं असेल तर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. ज्या उजेडात माणूस बसलाय तिथेच पांढरा कागद धरा, चौकट भरेल असा त्याचा फोटो काढा, मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन तो फोटो निवडा, मग व्हाइट बॅलन्स कस्टमवर ठेवा. जागा बदलली की पुन्हा करावं लागतं.

ट्यूबलाइटमध्ये फोटोवर काळे-पिवळे आडवे पट्टे येतात.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, पट्टे जातात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथल्या हॉलमध्ये १/६० किंवा १/१२५. मिररलेसमध्ये सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर तो आधी बंद करा.

फ्लॅश कधी वापरायचा?

कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश रात्रीपेक्षा दुपारी जास्त कामाचा. डोक्यावर ऊन असताना डोळ्यांच्या खोबणीत पडणारी सावली तो भरून काढतो. त्याची ताकद उणे १ करा. रात्री त्याचा पल्ला फार कमी. त्याचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला साधारण १० मीटर धरा आणि अ‍ॅपर्चरने भागा: एफ/४ ला २.५ मीटर. आयएसओ ४०० केला की ५ मीटर. म्हणून नाट्यगृहात मागच्या रांगेतून उडवलेले फ्लॅश पुढच्या प्रेक्षकाचं टक्कल तेवढं उजळतात. फोटोच्या खालच्या भागात अर्धगोल सावली येत असेल तर लेन्सचं हूड काढायचं राहिलंय. शटर १/२०० च्या पुढे नेऊ नका. अनेक कॅमेरे तिथेच अडवतात, आणि साध्या ट्रिगरने बाहेरचा फ्लॅश उडवत असाल तर काळा पट्टा येतो.

दिवाळीत पणत्या आणि फटाके कसे टिपायचे?

पणत्यांना फ्लॅश नाही. आयएसओ ८०० ते १६००, एफ/२.८, १/६० पासून सुरू करा. किट लेन्स असेल तर १८ मिमी, एफ/३.५. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर ठेवा, ऑटोवर कॅमेरा ज्योतीची ऊब पुसायला बघतो. अंधार पूर्ण पडायच्या आधी, आकाश निळं असताना काढलात तर रांगोळीही दिसते.

फटाक्यांना ट्रायपॉड हवाच. आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, शटर २ ते ४ सेकंद. दूरच्या दिव्यावर फोकस करून लेन्स एमएफवर टाका, नाहीतर प्रत्येक वेळी अंधारात फोकस शोधत बसेल. बटण बोटाने न दाबता रिमोटने दाबा. २ सेकंदांचा टायमर चालतो, पण बाण कधी फुटेल याचा अंदाज धरावा लागतो. वारा तुमच्याकडून फटाक्यांकडे जाईल अशी जागा घ्या आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत काम उरका, नंतर धूर सगळं खातो.

विसर्जन मिरवणुकीत कॅमेरा न्यावा का?

न्यावा, पण लेन्स घरीच ठरवून लावा आणि रस्त्यात बदलू नका. गुलाल सेन्सरवर गेला की सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही. बॉडीभोवती पारदर्शक पिशवी, लेन्सपुरतं भोक, वर रबर बँड. ढोलावरच्या टिपऱ्या गोठवायच्या तर १/५००. टिपरूंचा वेग दाखवायचा आणि चेहरा स्थिर ठेवायचा तर १/६०, दहातले दोन-तीन साधतात. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. कोरडा गुलाल कापडाने घासला तर काच ओरखडते आणि ओल्याने पुसला तर रंग फटींत उतरतो.

लेझरपासून लांब राहा. किरण सरळ लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमची जळलेली रेघ उठू शकते. मिररलेसचा सेन्सर सतत उघडा असतो, डीएसएलआरचा फक्त व्हिडिओ आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो काढताना.

किल्ल्यावर पुढची तोफ आणि मागचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवेत.

१८ मिमी, एफ/८ आणि फोकस २ मीटरवर. एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. डोंगरावर फोकस केलात तर तोफ जाते. जास्त स्पष्टतेच्या हौसेने एफ/२२ करू नका. भोक फार बारीक झालं की उजेड कडेला वाकतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. शिवाय सेन्सरवरचे धुळीचे डाग आकाशात उमटतात.

धबधब्याचं पाणी रेशमासारखं कसं येतं?

शटर १/४ ते १ सेकंद, ट्रायपॉड, आयएसओ १००. दिवसा एवढा हळू शटर ठेवला तर फोटो पांढरा पडतो, म्हणून ३ किंवा ६ पायऱ्यांचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळपट काच, लावा. पोलरायझर असेल तर तो एक-दोन पायऱ्या उजेड खातो आणि ओल्या पानांवरची चकाकीही काढतो. पावसाळी सह्याद्रीची हिरवाई त्याच्याशिवाय पांढरट येते. कडेच्या शेवाळलेल्या दगडावर ट्रायपॉडचा एक पाय ठेवून मागे सरकू नका. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात राहू द्या.

एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीतच २०-३० मिनिटं राहू द्या, बाहेरच्या हवेइतका गरम झाला की काढा.

लेन्समध्ये जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

बुरशी. कोकण, मुंबई, गोवा इथे पावसाळ्यात हमखास. लवकर दाखवलीत तर जाणकार कारागीर लेन्स उघडून साफ करतो. उशीर झाला तर ती काचेवरचा लेप खाते आणि ते भरून येत नाही. कॅमेरा त्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट, बॅगेचा फोम ओलावा धरून ठेवतो. रबर लावलेल्या झाकणाचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के आर्द्रता चांगली. ६० च्या वर गेली की जेल बदला किंवा ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. आणि कॅमेरा वापरत राहा. उजेड आणि मोकळी हवा बुरशीला मानवत नाही.

रॉ की जेपेग?

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने त्यावरून तयार केलेला फोटो. सुरुवातीचे काही महिने दोन्ही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा उरतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. चुकलेला व्हाइट बॅलन्स रॉमध्ये पूर्ण सुधारतो, जेपेगमध्ये अर्धामुर्धा. किंमत जागेची: २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल साधारण २५-३० एमबी, जेपेग ७-१०. रॉ फाइल संगणकावर सुधारायला पैसे लागत नाहीत. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि बहुतेक कॅमेऱ्यांसाठी डार्कटेबल ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

मेगापिक्सेल किती हवेत? आणि लॅबवाला फोटो कापून का देतो?

८ बाय १२ इंची छान प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायला ९ मेगापिक्सेलही पुरतात. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके, त्यातून २० बाय १३ इंची निघते. यापुढचे आकडे जाहिरातीचे.

कापण्याचं कारण प्रमाण. कॅमेऱ्याची चौकट ३:२, ती ४ बाय ६ आणि ८ बाय १२ ला तंतोतंत बसते. ५ बाय ७ ला थोडी कापली जाते, ८ बाय १० ला बरीच. तसा कागद लागणार असेल तर कडेला जागा सोडून फोटो काढा. रंग फिके आले तर कॅमेऱ्याच्या मेन्यूतलं कलर स्पेस, म्हणजे रंग साठवायची पद्धत, अ‍ॅडोबी आरजीबीवर आहे का बघा, लॅबसाठी एसआरजीबीच ठेवा. आणि लॅबला फोटो व्हॉट्सॲपवर द्यायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो आकसून जातो.

रूल ऑफ थर्ड्स पाळायचाच का?

चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य विषय त्या रेघांवर ठेवायचा, असा हा नियम. पाळलात तर बिघडत नाही. पण नवशिक्याचे फोटो त्याच्यामुळे बिघडत नाहीत, ते डोक्यातून उगवलेल्या विजेच्या खांबामुळे आणि कडेला अर्ध्या कापलेल्या चपलेमुळे बिघडतात. बटण दाबण्याआधी डोळा चौकटीच्या चारही कडांवरून फिरवा. क्षितिज सरळ ठेवा, मुलांचे फोटो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा.

फोटो चुकून डिलीट झाले. परत मिळतील का?

बहुतेक वेळा हो, पण त्या क्षणापासून कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही. डिलीट किंवा साधं फॉरमॅट केल्याने सहसा फक्त यादी पुसली जाते, फोटो जागेवर असतात. नवा फोटो त्यांच्यावर लिहिला गेला की ते कायमचे गेले. कार्ड काढून ठेवा, कार्ड रीडरने संगणकाला जोडा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. वाचवलेल्या फाइल्स संगणकावर उतरवा, त्याच कार्डावर नाही. फाइलींची मूळ नावं जातात, पण फोटो काढल्याची तारीख-वेळ आत शाबूत असते, तिच्यावरून क्रम लावता येतो. सगळं मिळाल्याची खात्री झाली की कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.